गैरहजेरीची फेरी

बाईंच्या केंद्राचं पूर्ण नाव एका दमात घेणारा माणूस अजून जन्माला यायचा होता. ‘चार शहरांचं प्रादेशिक नवोपक्रम भागीदारी व सहकार्य जाळं, समन्वय केंद्र.’ पाटी करणाऱ्याने पाटी दोनदा लांबवली, तरी शेवटचे दोन शब्द भिंतीचा कोपरा वळून बाजूच्या गल्लीत गेले ते गेलेच. त्यामुळे मोठ्या रस्त्यावरून येणाऱ्याला नुसतं जाळं दिसायचं आणि गल्लीतून येणाऱ्याला नुसतं केंद्र. दोन्ही एकदम बघायचं तर समोरच्या सलूनच्या पायरीवर उभं राहावं लागे, आणि तिथे सलूनवाला कुणाला उभं राहू देत नसे.

आता हे केंद्र करायचं काय, असं तुम्ही विचाराल. काम साधं होतं. चार शहरं, एकमेकांपासून तासा-दीड तासाच्या अंतरावर. चारही मिळून एकतीस सभासद: बरेचसे छोटे कारखाने, दोन प्रयोगशाळा आणि एक तंत्रनिकेतन. या मंडळींनी एकमेकांच्या डोक्याचा उपयोग करून घ्यावा आणि काहीतरी नवीन काढावं, एवढीच सरकारची इच्छा. त्यासाठी सरकारने एक सभागृह, एक कपाट आणि एक समन्वयक दिली होती. समन्वयक म्हणजे बाई.

बाई आधी अकरा वर्षं शाळेत विज्ञान शिकवत. शाळा सुटली, पण शाळा काही बाईंमधून सुटली नाही. महिन्याच्या पहिल्या मंगळवारी सकाळी दहाला सभासदांची बैठक असे, आणि ती हजेरीने सुरू होई. पन्नाशीचे कारखानदार उभं राहून “हजर” म्हणत. मग बाई पडद्यावर ‘सहकार्याचे सात स्तंभ’ दाखवत. एका स्तंभाला पंचवीस मिनिटं. चौथ्या स्तंभाला पोटस्तंभ होते. माणसं बाईंवर जीव टाकत, त्यांच्या मुलांच्या लग्नाची पहिली पत्रिका बाईंना येई, पण दुसऱ्या स्तंभाला त्यांचे डोळे मिटत, त्याला कोण काय करणार.

पहिलं वर्ष सगळे आले. दुसऱ्या वर्षी कामं निघायला लागली. बाईंनी नियम काढला: येता येत नसेल तर अधिकारपत्र द्या, म्हणजे तुमच्या वतीने दुसरा सभासद मत देईल. मात्र पत्र शाईने लिहिलेलं, सही-शिक्क्याचं, बैठकीच्या आधीच्या तीन दिवसांतल्या तारखेचं हवं. फोटो चालणार नाही, ईमेल चालणार नाही. टपालाने आलेली पत्रं बुधवारी पोचायची आणि बाई ती परत पाठवायच्या. नियम स्वतः करायचा आणि मग स्वतःच त्याच्या धाकात राहायचं, हा त्यांचा जुना रोग.

तिसऱ्या वर्षी प्रत्येक शहरातून एकच माणूस यायला लागला, आपल्या शहराची सगळी पत्रं घेऊन. आणि चौथ्या वर्षाच्या शेवटी एका मंगळवारी भट्टीवाले काका एकटेच आले. काका पावाच्या भट्ट्या बनवायचे, अंगाने आडवे, बोलायला बेताचे. त्यांनी पिशवीतून तीस पत्रं काढून टेबलावर ठेवली आणि पहिल्या रांगेत मधोमध बसले.

“बाकीचे?” बाईंनी विचारलं.

“हे काय,” काका पत्रांकडे बोट दाखवून म्हणाले.

दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, चला, चहा घेऊ आणि घरी जाऊ. बाईंनी बैठक घेतली. हजेरी घेतली, काकांनी एकतीस वेळा “हजर” म्हटलं. सातही स्तंभ झाले. शेवटी ठराव मताला टाकला, तेव्हा काकांनी चष्मा लावून पत्रं चाळली आणि म्हणाले, “अठ्ठावीस बाजूने. तीन विरोधात.”

“विरोधात कोण?”

“खोकेवाला, भिंगवाला आणि मी.”

“तुम्ही? तुम्ही तर समोर बसलाय, काका. चर्चेत काहीच बोलला नाहीत.”

“बहुमताविरुद्ध काय बोलायचं,” काका म्हणाले.

तेव्हापासून दोन वर्षं हेच चाललं होतं. दर महिन्याला एकच माणूस, दर वेळी वेगळा. इतिवृत्तात बाई लिहायच्या: ‘एकतीस सभासद उपस्थित, प्रत्यक्ष वा प्रतिनिधीद्वारा.’ अक्षरशः खरं होतं, आणि लिहिताना त्यांचा कान लाल व्हायचा. तीस लोकांची पत्रं एकाकडे येतात कशी, हे त्यांनी कधी विचारलं नाही. विचारलं की उत्तर मिळतं, आणि उत्तर मिळालं की ते इतिवृत्तात घालावं लागतं. त्यापेक्षा पत्रांना भोकं पाडून ती फाइलला लावणं बरं. तेवढं त्या मन लावून करायच्या.

आणि मग मुख्यालयाचं पत्र आलं.

पत्र गोड होतं, म्हणून बाईंनी ते दोनदा वाचलं. देशातल्या सगळ्या केंद्रांची तपासणी होणार होती. जिथे सभासदांमध्ये ‘स्वयंपूर्ण सहकार्य’ दिसणार नाही, ते केंद्र बंद, आणि समन्वयकाला मुख्यालयात सामावून घेतलं जाईल. मुख्यालय आठ तासांवर. बाईंच्या नवऱ्याचा दातांचा दवाखाना इथे, घर इथे, सासूबाई इथे.

सासूबाई नऊ वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्या कोर्टातल्या शिरस्तेदार. त्यांच्यापुढे पुरावा लपवणं कठीण. जेवणाच्या टेबलावर सुनेने ताटात नुसतं चिवडलेलं बघून त्यांनी अर्ध्या तासात सगळं वदवून घेतलं.

“एक माणूस आणि एकतीस मतं,” सासूबाई म्हणाल्या. “याला बैठक म्हणतात होय? आमच्याकडे याला एकतर्फी सुनावणी म्हणायचे.”

“आई, मला झोप नाही, आणि तुम्हाला चेष्टा सुचतेय.”

“चेष्टा कसली? तू तिकडे गेलीस तर मी भांडायचं कुणाशी? तुझा नवरा ‘हो आई’ म्हणतो. आयुष्यभर ‘हो आई’. त्याच्याशी बोलणं आणि भिंतीशी बोलणं सारखंच.”

“हो आई,” नवरा वर्तमानपत्रामागून म्हणाला.

सासूबाईंनी डोळ्याला पदर लावला नाही, त्या त्यातल्या नव्हेत. पण त्यांनी सुनेच्या ताटात न विचारता आणखी भात वाढला, आणि बाईंनी तो शेवटच्या शितापर्यंत संपवला. काहीही करून हे केंद्र वाचवायचं, असं त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं.

ठरवलं की बाई परिपत्रक काढत. दुसऱ्या दिवशी काढलं: ‘तपासणीच्या बैठकीस प्रत्येक सभासदाने स्वतः यावे. अधिकारपत्र चालणार नाही.’ अधोरेखित. सोबत मुख्यालयाने दिलेला अर्ज होता: ‘गेल्या वर्षात तुम्हाला कामात कुणाची मदत झाली?’ तो भरून, पाकीट चिकटवून परस्पर तपासनीसाकडे पाठवायचा होता. बाईंनी पाकिटं पाठवून दिली आणि सभागृहाच्या खुर्च्या आणायला गेल्या, कारण दोन वर्षं एकच खुर्ची लागत असल्यामुळे बाकीच्या त्यांनी शेजारच्या विमा कार्यालयाला देऊन टाकल्या होत्या.

तपासणीच्या दिवशी एकतीसच्या एकतीस आले. धुतलेले कपडे, तेल लावलेले केस, जसं काही मुलगी बघायला निघालेत. बाईंनी छातीवर लावायला नावाची कार्डं केली होती आणि ‘परस्परपरिचय’ असं एक सत्र ठेवलं होतं. ते सुरू करायला त्या उभ्या राहिल्या, तर खोलीत गलका. भिंगवाला तंत्रनिकेतनाच्या प्राध्यापकांना विचारतोय, गुडघा कसा आहे. स्प्रिंगवाल्या ताई खोकेवाल्याला सांगतायत, सूनबाईंना म्हणावं, डबा मिळाला. ताईंचा स्प्रिंगांचा कारखाना वडिलांपासूनचा, आवाज त्या कारखान्याच्या वर जाईल असा. एक रंगवाला तर दुसऱ्या शहरातल्या कुणाच्या तरी नातवाचं बारसं न झाल्याबद्दल त्याला फैलावर घेत होता.

“शांत बसा,” बाई म्हणाल्या. “आधी एकमेकांची ओळख करून घ्या.”

एकतीस माणसं एकदम गप्प झाली आणि ओळख नसल्यासारखी समोर बघू लागली. बाईंना वाटलं, आपला वचक अजून आहे.

तपासनीस मागच्या खुर्चीत बसला होता. तरुण, काटकुळा, चहाला नाही म्हणून नुसतं गरम पाणी पिणारा. अशा माणसाची बाईंना भीती वाटे. तो उठला, त्याने आपला लॅपटॉप पडद्याला जोडला आणि सरळ मुद्द्यावर आला.

“तुमच्या अर्जांवरून मी हा नकाशा केलाय. प्रत्येक सभासद एक ठिपका. ज्याची ज्याला मदत झाली, त्यांच्यामध्ये एक रेघ.”

पडद्यावर मोठा गोल उमटला. कडेने एकतीस ठिपके, मध्ये केंद्र, आणि प्रत्येक ठिपक्यातून केंद्राकडे गेलेली एक सरळ रेघ. दिसायला फार देखणं होतं. ताईंनी शेजारच्याला कोपराने ढोसलं आणि दोघं खूश होऊन हसले. बाईंनाही बरं वाटलं.

“आता मी केंद्र पुसतो,” तपासनीस म्हणाला.

त्याने बटण दाबलं. सगळ्या रेघा गेल्या. पडद्यावर नुसते एकतीस ठिपके उरले, कुणाचा कुणाशी संबंध नाही.

“मधला माणूस काढल्यावर जे उरत नाही, त्याला जाळं म्हणत नाहीत,” तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता, हेच जास्त लागत होतं. “ही एका बाईंची एकतीस लोकांशी असलेली ओळख आहे. चांगली ओळख आहे. पण सरकार ओळखीसाठी केंद्र चालवत नाही. मला बंद करण्याची शिफारस करावी लागेल. माफ करा.”

सहा वर्षं. बहात्तर बैठका. बाईंच्या डोळ्यांसमोर मुख्यालयाचा लांबच लांब व्हरांडा आला, आणि सासूबाई भिंतीशी भांडताना दिसल्या.

“अहो, पण आम्ही तर बाईंचं नाव लिहिलं ते त्यांचं भलं व्हावं म्हणून,” ताई उठून म्हणाल्या. प्राध्यापकांनी त्यांची ओढणी ओढून त्यांना खाली बसवायचा प्रयत्न केला. ताईंना कारखान्यातल्या यंत्रांनी बसवलं नव्हतं, तिथे प्राध्यापक कोण.

“म्हणजे?” तपासनीसाने चष्मा वर केला. त्याने आपल्या फाइलमधून अर्ज काढले. “तेच मला विचारायचं होतं. एकतीस अर्जांवर एकच वाक्य आहे. ‘आम्हाला जे काही मिळालं ते केंद्रामुळेच मिळालं.’ शब्द न शब्द सारखा. कुणी लिहून दिलं?”

“मी,” ताई म्हणाल्या. “म्हणजे मी सांगितलं, प्रत्येकाने लिहून घेतलं.”

“केव्हा?”

“अर्ज आले त्या दिवशी.”

“चार शहरांतल्या तीस लोकांना? एका दिवसात?”

“त्यात काय. आपली साखळी आहे ना.”

सगळ्यांनी माना खाली घातल्या. ताईंनी जीभ चावली, पण शब्द बाहेर पडून गेला होता.

“कसली साखळी?” तपासनीसाने विचारलं.

बाईंनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. अकरा वर्षं मुलांना शिकवलेल्या बाईला वर्ग काही लपवतोय हे कळतं. आणि हेही कळतं, की लपवतोय ते बाईपासूनच.

“काका,” बाई म्हणाल्या, “सांगा.”

“जाऊ द्या ना, बाई.”

“सांगा म्हणते ना.”

काका उठले. त्यांनी बाईंकडे न बघता तपासनीसाला सांगायला सुरुवात केली. “बाईंच्या बैठकीला न यायचं तर पत्र लागतं. शाईचं, शिक्क्याचं, तीन दिवसांतलं. टपालाने वेळेत पोचत नाही. मग आम्ही पाळी लावली. ज्याची पाळी, त्याने शनिवारी निघायचं, चारही शहरांत फिरायचं, तीस दारं घ्यायची, तीस पत्रं गोळा करायची आणि मंगळवारी इथे येऊन एकट्याने बसायचं. एक बसला की तीस सुटतात. साखळी म्हणजे ती. पुढचा कुणाकडे कधी येणार, हे फोनवरून एकाने दुसऱ्याला सांगायचं.”

“म्हणजे ही बैठक टाळण्यासाठी,” तपासनीस सावकाश म्हणाला, “चार शहरांतले एकतीस लोक दर महिन्याला संघटित होतात.”

“तसं म्हटलं की वाईट वाटतं,” काका म्हणाले.

बाईंना वाईटच वाटलं. साधं नाही, असं की कानशिलं तापली आणि समोरचं धूसर झालं. एवढ्या लांबून, एवढ्या कष्टाने, एवढ्या एकजुटीने माणसं आपल्याला टाळत होती. त्यांना वाटलं, आत्ताच्या आत्ता पर्स उचलावी आणि घरी जावं. केंद्र गेलं तरी चालेल, पण हे कुणी आणखी ऐकायला नको. पण तपासनीस पेन उघडून त्यांच्याकडे बघत होता, आणि खोटं लिहिलेलं इतिवृत्त त्यांच्या कपाटात होतं. बाईंनी किल्ली काढली.

“ते खरं सांगतायत,” त्या म्हणाल्या. “आणि मीही सांगते. दोन वर्षं माझ्यासमोर एकच माणूस बसतो. मी एकतीस लिहिते. ही पत्रं.” त्यांनी दोन जाडजूड फायली टेबलावर ठेवल्या. “कारवाई करायची तर माझ्यावर करा, यांच्यावर नको.”

तपासनीसाने पहिलं पत्र वाचलं. ‘तातडीच्या कामामुळे उपस्थित राहता येत नाही.’ दुसरं वाचलं. तेच. तो अशा जातीचा माणूस होता की कागद हातात आला तर मागची बाजूही बघणार. त्याने पत्र उलटं केलं आणि वाचत राहिला. मग पुढचं उलटं केलं. मग पुढचं.

पत्राला पाठ असते, हे बाईंच्या गावीही नव्हतं.

“हे काय आहे?” तपासनीसाने विचारलं, आणि मोठ्याने वाचलं. “‘ताई, स्प्रिंग पुन्हा बसली. हे तिसरं दार. भट्टी.’”

“पत्रं घरोघर जातातच,” खोकेवाला म्हणाला, “तर मागे निरोप लिहितो आम्ही. पुढच्या घरच्याला वाचायला मिळतो.”

“‘काका, तार बदलून पाहिली, तुमच्या दाराच्या उष्णतेपुढे टिकत नाही.’ पुढच्या महिन्यात: ‘दोघंही नमुना सरांकडे पाठवा. त्यांच्याकडचं तपासायचं यंत्र दहा वर्षं धूळ खातंय. खोकेवाला.’ त्याच्या पुढे: ‘धूळ पुसली. तारेत खोट नाही, ती एकसारखी तापवली जात नाही. आणखी एक चांगली भट्टी हवी. प्राध्यापक.’ त्याच्याखाली कुणी लिहिलंय, ‘भट्टी बनवणारा माणूस या पत्रांत आहे का कुणी?’”

“ते मी गमतीने लिहिलं,” भिंगवाला म्हणाला.

“मग मी ताईंना छोटी भट्टी करून दिली,” काका म्हणाले. “भिंगवाल्याने तिला आत बघायची काच घालून दिली. आता ताईंची स्प्रिंग माझ्या भट्टीत भाजून निघते आणि माझ्याच भट्टीच्या दाराला लागते. एकही दार पडलेलं नाही. चार नवीन तऱ्हेच्या भट्ट्या झाल्यात.”

“होणार होत्या पाच,” ताई म्हणाल्या, “पण या महिन्यात बाईंनी परिपत्रक काढलं, पत्रं बंद केली, म्हणून फेरीच झाली नाही. माझी तार सरांकडे जायची ती तशीच पडून आहे. म्हटलं, तपासणी होऊ दे, मग बघू.”

तपासनीस खाली बसला. त्याने अर्ज बाजूला सारले आणि फायली उलट्या करून लॅपटॉपवर रेघा मारायला लागला. तास झाला, दीड तास झाला. एकतीस लोक त्याच्यामागे गोळा होऊन पडद्याकडे बोटं दाखवत होते. “आम्हा दोघांमध्ये एक राहिली.” “ही चुकली, ते रंग मी यांच्याकडून नाही, यांच्या मेव्हण्याकडून घेतले.” शेवटी पडद्यावर एवढ्या रेघा झाल्या की ठिपके दिसेनात.

“आता मी केंद्र पुसतो,” तो म्हणाला.

बाईंनी डोळे मिटले. बटण दाबल्याचा आवाज आला. डोळे उघडले तर पडद्यावर काहीच फरक नव्हता. केंद्रातून गेलेली एकही रेघ तिथे नव्हतीच.

“उत्तम,” तपासनीस म्हणाला. तो पहिल्यांदाच हसला. “मी पाहिलेल्या सगळ्यांत हे सर्वांत घट्ट जाळं आहे. चालू ठेवण्याची शिफारस करतो. फक्त एक बदल. मासिक बैठकीला कुणी येतच नाही, तर ती बंद करा.”

यावर जो गदारोळ उठला, तो केंद्र बंद होतंय म्हटल्यावरही उठला नव्हता.

“बैठक बंद?” ताई म्हणाल्या. “मग आम्ही एकमेकांकडे जायचं कशाला?”

“कशालाही. सहज जा.”

“सहज कोण जातं, साहेब? सर उद्या माझ्या कारखान्यात सहज आले, तर मी दारातच विचारेन, काय काम काढलंत. पत्र न्यायला आले की बसवावं लागतं. शिक्का सापडत नाही तोवर चहा होतो. चहा होईस्तोवर ते टेबलावर काय मोडून पडलंय ते बघतात.”

“आणि पत्र बैठक असल्याशिवाय लागत नाही,” प्राध्यापक म्हणाले. “तर्कशुद्ध आहे.”

तपासनीसाने बरंच डोकं खाजवलं. मग त्याने लिहिलं, आणि बाईंना वाचून दाखवलं: ‘मासिक बैठक सक्तीची असावी. अधिकारपत्राचा नियम आहे तसाच, किंवा शक्य झाल्यास अधिक कडक, ठेवावा.’

केंद्र वाचलं होतं. बाईंना हसावं की रडावं कळेना. तपासनीस गेल्यावर सगळे त्यांच्याभोवती जमले आणि त्या खुर्चीत बसून राहिल्या.

“मला एकच सांगा,” त्या म्हणाल्या. “इतक्या वाईट होत्या का माझ्या बैठका?”

सगळ्यांनी काकांकडे पाहिलं. असल्या वेळी बिचाऱ्या काकांनाच पुढे करायची पद्धत पडली होती.

“वाईट नव्हत्या, बाई,” काका म्हणाले. “लांब होत्या.”

“मला झोप यायची,” प्राध्यापक म्हणाले, “आणि मी स्वतः तीस वर्षं लोकांना झोपवतोय.”

बाई हसल्या. हसताना डोळ्यांतून पाणी आलं ते त्यांनी सरळ पुसलं, लपवलं नाही. लागलं होतंच, खोटं कशाला बोला. पण त्याच वेळी आतून काहीतरी हलकं झालं होतं. सहा वर्षं त्या हे जाळं एकटीच्या खांद्यावर धरून उभ्या आहेत असं समजत होत्या, आणि ते केव्हाचं आपल्या पायांवर फिरत होतं.

ताईंनी पिशवीतून वही काढली. “चला, पुढच्या महिन्याची पाळी कुणाची ते बघू.”

“खोकेवाल्याची,” कुणीतरी म्हणालं.

“त्याचं ऑपरेशन आहे.”

“मग बाईंची,” काका म्हणाले.

“माझी?” बाई म्हणाल्या. “मला बैठक घ्यायची असते.”

“कुणाची?”

ताईंनी वहीत लिहूनसुद्धा टाकलं. एकतीस नावांखाली बत्तिसावं नाव, ‘बाई’.

पुढच्या बैठकीआधीच्या शनिवारी बाई पिशवी घेऊन निघाल्या. सासूबाईंनी बजावलं, पत्रावर तारीख नीट बघून घे, लोक मागची तारीख घालतात. पहिलं दार काकांचं होतं. सहा वर्षांत बाई या कारखान्यात एकदाही आल्या नव्हत्या, कारण कारखान्यात यायचं असतं हे सातपैकी कुठल्याच स्तंभात नव्हतं. आत उकाडा होता, लोखंडाचा वास होता. काका एका स्टुलावर मांडीवर हात ठेवून निवांत बसले होते, जवळपास कुठलंही काम दिसत नव्हतं. बाईंना बघून त्यांनी घाईने कागद ओढला आणि लिहायला घेतलं: ‘तातडीच्या कामामुळे उपस्थित राहता येत नाही.’

बाईंनी अशी शेकडो पत्रं फाइलला लावली होती. लिहिताना मात्र पहिल्यांदाच बघत होत्या.

“काका, कुठलं हो तातडीचं काम?”

काकांनी शिक्का शोधायला खण उघडला. तो काही लगेच सापडणार नव्हता.

“तुम्ही आलात की,” ते म्हणाले. “बसा, चहा टाकतो.”